करार करणारे निराळे, मरणारे निराळे
(पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर येथील सभेंत केलेलें भाषण)



आज 25 नोव्हेंबर. याच दिवशीं 1987 सालीं श्रीलंकेंत जाफन्याकडे मेजर रामस्वामी परमेश्वरन् पडले. ते आठव्या महार पलटणीचे, जन्म मुंबईचा. रात्रीं शोधावरून परततांना बंडखोरांनीं दबा धरून गांठलें. छातींत गोळी लागली असतांहि त्यांनीं समोरच्याची बंदूक हिसकावून त्याच्यावरच चालविली, व प्राण जाईपर्यंत शिपायांस हुकूम देत राहिले. त्यांस मरणोत्तर परमवीरचक्र मिळालें. हें नांव पुस्तकांत आहे, तें कोणीहि वाचूं शकेल. आम्हांस बोलावयाचें आहे तें पुस्तकांत न आलेल्यांविषयीं.

29 जुलै 1987 रोजीं दोन सरकारांचा करार झाला. आपली फौज शांतता राखावयास म्हणून समुद्रापलीकडे गेली, आणि ऑक्टोबरांत ज्यांस शस्त्रें खालीं ठेवावयास सांगावयाचें त्यांच्याशींच लढूं लागली. अकराशेंहून अधिक जवान तेथें मेले. निरपराध तमिळ रयतहि मेली, हें लपविण्याचें कारण नाहीं. मार्च 1990 मध्यें शेवटचे जवान मद्रासला उतरले, तेव्हां तेथील मुख्यमंत्री स्वागतास गेले नाहींत. धोरण चुकलें असेल. पण धोरण शेतकऱ्यासुताराच्या पोरांनीं ठरविलें होतें काय?

आपल्याकडे ही रीत जुनी आहे. 1917 सालीं गरज पडली तेव्हां महारांची पलटण उभारली, 1921 सालीं मोडून टाकली; डॉ. आंबेडकरांनीं मागणी लावून धरली तेव्हां 1941 मध्यें बेळगांवास ती पुन्हां उभी राहिली. गरज सरो नि वैद्य मरो! आज त्या पलटणींत सर्व जातींचे लोक एका पंक्तीस जेवतात, ही गोष्ट मात्र गांवांनीं अजून शिकावयाची आहे.

आपल्या या वस्तींत त्या फौजेंतून परत आलेले एक हवालदार राहतात. आम्ही त्यांस आबा म्हणतों. त्यांस लढाईचें विचारलें कीं ते म्हणतात, "गुरुजी, लढाईचं काय इचारता? माणसाचं इचारा." मग सांगतात: एक जण वैजापूरकडचा, भाकरी अशी थापी कीं चंद्र! एक सुताराचा पोर, वय बावीस, त्यानें मोडक्या फळ्यांची पेटी करून दिली, तिला एकहि खिळा नव्हता. ती पेटी आबांच्या घरीं आहे. सुताराच्या पोराचे आठ रुपये देणें होते, ते देण्यासाठीं आबा परत आल्यावर त्याच्या गांवीं गेले. बापानें पैसे घेतले नाहींत. "त्या दिशी जेवला व्हता का?" एवढेंच विचारलें. आबा "हो" म्हणाले. खरोखर जेवला होता कीं नाहीं, हें आम्ही आबांस कधीं विचारलें नाहीं, व तुम्हीहि विचारूं नका.

ज्यांच्या देशांत हे मेले त्या श्रीलंकेनें 2008 सालीं राजधानीजवळ काळ्या दगडांत त्यांचीं नांवें कोरलीं. दिल्लींतील राष्ट्रीय युद्धस्मारक उघडलें 25 फेब्रुवारी 2019 रोजीं. दिल्लीचा दगड दिल्लींत राहील. सुताराच्या म्हाताऱ्या आईस तो कोण दाखविणार? आणि दगडावर नांव व नंबर मावतो, बिनखिळ्याची पेटी मावत नाहीं. ती आबांच्या तोंडांत आहे, आणि आबांची साठी उलटून गेली आहे.

म्हणून आमची विनंति अशी. पुढील रविवारीं सकाळीं नऊ वाजतां आबा आपल्या ओट्यावर बसतील. ज्यांच्या घरचा, भावकीचा किंवा गांवचा कोणी कोणत्याहि लढाईंत गेला असेल, त्यांनीं यावें. पत्र, फोटो, पेन्शनचा कागद असेल तो आणावा. नसेल तर नुसतें तोंडीं सांगावें. बायांनीं अवश्य यावें, कारण पुरुषांस तारखा आठवतात व बायांस माणूस आठवतें. वही आणि दौत आम्ही आणतों.