एचपी किती ते विचारा, पण टॉर्क आधी विचारा

आज आपण इंजिनाबद्दल बोलणार आहोत. हा पुरुषांचा विषय म्हणून रेडिओ बंद करू नका. कित्येक गटांनी कर्ज काढून जीप किंवा पिकअप घेतली आहे. हप्ता आपण भरतो, डिझेलचा हिशेब आपण लिहितो. मग गॅरेजमधला माणूस येऊन म्हणतो, "ताई, गाडी ट्यून करून घ्या, वीस एचपी वाढवून देतो." तेव्हा मान डोलवायची की चार प्रश्न विचारायचे, हे आपल्याला कळायला हवं.

एचपी हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. विहिरीवरची मोटर ३ एचपीची की ५ एचपीची, हे घरातलं पोरही सांगतं. एका सेकंदात साधारण ७५ किलो वजन एक मीटर वर उचललं, की ते काम झालं एक एचपीचं. म्हणजे एचपीत वेळ मोजलेला असतो. काम किती झपाट्याने होतं, ते एचपी सांगतो.

टॉर्क म्हणजे पीळ, फिरवण्याचा जोर. जात्याचा खुंटा दगडाच्या कडेला का असतो? मधल्या खुंटीजवळ धरून दगड फिरवून पाहा, हात भरून येतील. टायरचा नट निघत नसला की ड्रायव्हर पान्याला लांब पाईप लावतो, तेही त्यासाठीच. हाताचा जोर तोच, पण अंतर वाढलं की पीळ वाढतो. तो न्यूटन मीटरमध्ये मोजतात.

आता दोन्ही जोडू. जातं किती जोराने फिरतं तो टॉर्क. त्या जोराने मिनिटाला किती फेरे होतात, ते धरून एचपी निघतो. हिशेब मोबाईलवरही होतो: टॉर्क गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले ७१२१. आलेला आकडा एचपी.

दोन गाड्या घेऊ. २०१८ साली आलेली १.२ लिटरची पेट्रोल स्विफ्ट सुमारे ८२ एचपीची. बीएस-६ डिझेल बोलेरो सुमारे ७५ एचपीची. नुसता एचपी पाहिला तर स्विफ्ट वरचढ. पण स्विफ्टचा तो आकडा मिनिटाला ६००० फेऱ्यांवर मिळतो आणि तिचा जास्तीत जास्त टॉर्क ११३. बोलेरोचा टॉर्क २१०, आणि तो १६०० ते २२०० फेऱ्यांतच हाताशी येतो.

माणसं आणि पोती भरून घाट चढताना इंजिन २००० फेऱ्यांवर आहे असं धरा. बोलेरो तिथे २१० गुणिले २०००, भागिले ७१२१, म्हणजे सुमारे ५९ एचपी देते. स्विफ्ट तिथे ३२च्या वर जाऊच शकत नाही. तिला चढायचं तर खालचा गिअर टाकून इंजिन ओरडवावं लागेल. गिअरने चाकावरचा पीळ वाढतो, पण वेग जातो. स्विफ्ट वाईट नव्हे, तिचं काम वेगळं. ओझं ओढणाऱ्या गाडीला कमी फेऱ्यांवरचा टॉर्क लागतो.

बोलेरोला हा जोर येतो टर्बोमुळे. चुलीत फुंकणीने वारा घातला की जाळ मोठा होतो, तसंच हे. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक चाक फिरवतो आणि ते चाक इंजिनात जास्त हवा कोंबतं. जास्त हवेत जास्त डिझेल नीट जळतं. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली याचं पेटंट घेतलं. पण धूर कमी असला तर फुंकणीही मंद. म्हणून वरच्या गिअरमध्ये फेरे फार खाली गेले, की गाडी धापा टाकते. अशा वेळी पाय दाबून उपयोग नाही, गिअर उतरवायचा.

आता ट्यूनिंग. गॅरेजवाला गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलतो. टर्बोची हवा वाढते, डिझेल वाढतं. वीस एचपी वाढले असं तो म्हणाला, तर पहिला प्रश्न: किती फेऱ्यांवर? ते ३६०० फेऱ्यांवर वाढले असतील तर आपली भरलेली गाडी तिथे क्वचितच पोचते. घाटातल्या २००० फेऱ्यांवर कदाचित काहीच फरक पडणार नाही.

दुसरा प्रश्न: टॉर्क किती वाढला? समजा १८०० फेऱ्यांवर २१०चा २६० झाला. एचपी ५३वरून ६६वर गेला. आकडा लहान, पण घाटात हा फरक जाणवेल. मात्र क्लच आणि गिअरबॉक्सवर जवळजवळ चौथा हिस्सा जास्त पीळ येईल. ते मूळ जोराच्या हिशेबाने बनवलेले असतात. क्लच घसरू लागतो, टर्बो आणि पिस्टन जास्त तापतात, डिझेल पूर्ण जळलं नाही तर काळा धूर निघतो. वाढलेला जोर फुकट येत नाही.

तिसरा प्रश्न: बदलाच्या आधीचा आणि नंतरचा आलेख दाखवाल का? गाडी रोलरवर चालवून असा आलेख काढता येतो, त्या यंत्राला डायनो म्हणतात. आलेख नसेल तर वीस एचपी हे नुसतं तोंडचं बोलणं.

चौथा प्रश्न कागदाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. वॉरंटी आणि विम्याचंही आधी लेखी विचारून घ्या. कर्ज फिटेपर्यंत ही जोखीम साऱ्या गटाची आहे.

आमचं म्हणणं असं: गाडी ओढत नसेल तर आधी स्वस्त गोष्टी तपासा. एअर फिल्टर तुंबलाय का? टर्बोची हवा नेणारा पाईप फाटलाय का? टायरमध्ये हवा कमी आहे का? ब्रेक धरून राहतात का? यातलं एक जरी सापडलं, तरी गेलेला जोर परत मिळू शकतो. ऑईल वेळेवर आणि सांगितलेलंच घाला, कारण टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेऊ शकतं आणि ते ऑईलच्या आधारावर फिरतं. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, मिनिटभर सावकाश चालू द्या. आणि ओझं पासिंगपेक्षा जास्त भरू नका. जास्तीची दोन पोती उतरवली, तर गाडीला तेवढाच हलकेपणा फुकट मिळतो.

नवी गाडी घेतानाही हेच. शोरूममध्ये एचपीचा आकडा मोठ्याने सांगतात. आपण विचारायचं, "टॉर्क किती, आणि किती फेऱ्यांवर?" उत्तर गटाच्या वहीत लिहून घ्या, दोन-तीन गाड्यांचे आकडे शेजारी मांडा आणि मगच अंगठा किंवा सही करा.