जुने घर पाडण्याआधी
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाचे चार पैसे हातात आले की घराचा विषय निघतो. पोराचे लग्न जमवायचे तर पाहुणे आधी घर बघतात, मग सातबारा. तेवढ्यात ठेकेदार येतो आणि सांगतो, हे सगळे पाडा, स्लॅब टाका. जुने सागवान तो घेऊन जातो, कर्ज आपल्याकडे राहते. आमचे म्हणणे एवढेच आहे, की पाडायच्या आधी घर नीट बघा.

आधी माळवद. गळू लागले की आपण वर पांढरी माती टाकतो. जुनी कोण काढतो? आजोबांच्या वेळची वीतभर माती नातवाच्या वेळी दोन फूट होते. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर फूटभर कोरडी माती म्हणजे पाच टनांहून जास्त ओझे. भिजली की आणखी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा असलीच माळवदे आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. म्हणून जास्तीची माती उतरवा, वीतभर ठेवा, खाली प्लास्टिकचा जाड कागद अंथरा. खांब-तुळया चांगल्या असतील तर त्या विकू नका, तसले लाकूड आज विकत घेणे आपल्याला परवडणार नाही.

मग भिंत बघा. आपली जाड भिंत म्हणजे खरे तर दोन भिंती, मध्ये गोटे आणि माती. दोन्हींना धरणारा आरपार दगड नसला की भिंतीला पोट येते. किल्लारीनंतरच्या दुरुस्तीत अशा भिंतींना आरपार भोके पाडून, सळई घालून काँक्रीट भरले गेले. गावचा मिस्त्रीही हे करू शकतो, फक्त आधी छताला टेकू द्या. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मात्र करू नका. दिसतो छान, पण आतली ओल आतच कोंडते, पायाशी माती कुजते आणि चार पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. चुन्याचा करा, नाहीतर मातीचाच करा.

आता वाढीव खोल्या. काळ्या रानाचे गुण कापूसवाल्याला कोणी शिकवायला नको. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेग पडते. त्याच जमिनीवर आपण दोन फूट पाया काढतो आणि पुढे भिंत तडकली की मिस्त्रीला शिव्या देतो! पाया मुरमापर्यंत न्या. मुरूम फार खोल असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय कुदळ मारू नका. नव्या खोलीचा स्लॅब जुन्या भिंतीवर टेकवू नका. जुने घर केव्हाच बसले आहे, नवे अजून बसायचे आहे. दोघांच्या मध्ये पायापासून छतापर्यंत सांधा मोकळा सोडा आणि वरून पत्र्याची पट्टी मारा.

पैसा एका वर्षाचा पुरत नाही, तेव्हा आधी काय, हा प्रश्न येतोच. आपल्याकडे आधी रस्त्याकडची बैठक आणि रंगीत खांब होतात. स्वयंपाकघर धुराचे, न्हाणीला आडोसा साडीचा आणि संडास पुढच्या हंगामाला! मायबहिणींनो, या कामाचा क्रम तुम्हीच ठरवा.

कर्ज काढायचे तर सावकाराच्या दारात जाण्याआधी कागद बघा. गावठाणातल्या घराला बँक दारात उभी करत नसे. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळते. तुमच्या गावची झाली का, ते ग्रामपंचायतीत विचारा. पत्रिकेवर घरधनिणीचेही नाव लावून घ्या.

एक खोली मात्र नकाशात कोणी धरत नाही, ती कापसाची. २०२२-२३ च्या हंगामात भावाची वाट बघत कितीतरी घरांत माणसांच्या खोलीतच कापूस पडून राहिला. अंगाला खाज सुटली, पोरे ओसरीत झोपली. भाव कधी येईल ते आपल्या हातात नाही, पण खोली आहे. चुलीपासून दूर, बाहेरून दार, उंच जोते, वरून वायरी नाहीत आणि दिव्याचे बटण बाहेर, अशी एक खोली नव्या बांधकामात आधीच आखून घ्या.