पद्मिनीच्या पोटाखाली

वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे, जन्म १८८२ चा. त्यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची एक पद्मिनी सध्या माझ्या घरामागं चार स्टँडवर उभी आहे.

येणारा प्रत्येक जण विचारतो, "चासी खोलली का?" अहो, हिला वेगळी चासीच नाही! बॉडी हाच सांगाडा. जुनी जीप असती तर वरचा डबा उचलून खालची फ्रेम रंगवता आली असती. इथं पत्रा गंजला म्हणजे सांगाडाच गेला.

म्हणून रंगाआधी हातोडी. मागचे पाटे बॉडीला जिथं अडकतात तिथं हळूहळू ठोकत गेलो. उजवीकडं टणटण. डावीकडं भद्द, आणि स्क्रू ड्रायव्हर आरपार! अशा जागी पुटी भरून काळा रंग मारला की गाडी फोटोत झकास दिसते. पण एखाद्या खड्ड्यात पाटा निसटला तर आतल्या माणसांचं काय? सडका भाग कापून जाड पत्रा बसवायचा ठरवलं. त्यासाठी वेल्डर बोलावला. पेट्रोलची टाकी त्याआधीच उतरवली.

पाटे मात्र घरीच केले. मधला बोल्ट काढण्याआधी क्लॅम्प लावला, खडूनं नंबर टाकले, वायर ब्रश मारला, रेड ऑक्साइड लावलं.

पुढची कॉइल स्प्रिंग दाबलेली असते. कंप्रेसर नसेल तर तिला हातच लावू नका, सुटली तर हाड मोडेल.

पाट्यांचे नवे रबरी बुश घातलेत, बोल्ट अजून ढिले आहेत. गाडी चाकांवर उतरवून वजन आल्यावरच ते आवळायचे, नाहीतर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. ते काम येत्या रविवारी.