चाकांवरचें बिऱ्हाड आणि त्यांतले चतुष्पाद यजमान

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण ज्यांनीं रूढ केली त्यांना विंचवाचा हेवा वाटत असेल असें दिसत नाहीं. ज्याला मुक्कामाचें ठिकाण नाहीं अशा माणसाविषयीं तींत थोडी कींव आहे आणि थोडा उपहासही आहे. असें असतां अमेरिकेंत आज हजारों कुटुंबें राहतें घर विकून, किंवा भाड्याची जागा सोडून, मोटारीवर बांधलेल्या घरांत बारमाही संसार करतात. त्यांतील पुष्कळांच्या बरोबर कुत्रे असतात. ज्यांचा कुत्रा मांडीवर मावतो त्यांची गोष्ट निराळी. ज्यांच्यापाशीं ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, मॅस्टिफ अशा जातींचे, माणसाच्या वजनाचे, आणि तेही दोन-दोन तीन-तीन कुत्रे असतात, त्यांच्या संसाराची हकीकत श्रोत्यांस येथें सांगावयाची आहे. स्वातंत्र्यासाठीं घर चाकांवर चढविलें खरें. पण गाडी कोठें न्यावयाची आणि केव्हां हलवावयाची हें त्या घरांत कोण ठरवितो, हा प्रश्न मोठा मौजेचा आहे, आणि कधीं कधीं तो जिवावर बेतणाराही आहे.

अशीं घरें मोटारीच्याही आधींचीं आहेत. युरोपांतील रोमानी लोक घोड्यांच्या गाड्यांत संसार करीत, पण तो त्यांच्या पोटापाण्याचा मार्ग होता. निव्वळ हौसेखातर असें घर बांधवून घेणारा पहिला प्रसिद्ध गृहस्थ म्हणजे डॉ. गॉर्डन स्टेबल्स. हा ब्रिटिश आरमारांतील निवृत्त शस्त्रवैद्य. मुलांसाठीं साहसकथा लिहिणें हा त्याचा पुढचा व्यवसाय. १८८५ सालीं त्यानें ब्रिस्टॉलच्या एका कारखान्याकडून ‘वाँडरर’ नांवाची गाडी तयार करविली आणि इंग्लंडांतील ट्वायफर्ड गांवाहून स्कॉटलंडांतील इन्व्हर्नेसपर्यंत प्रवास केला. त्यावर लिहिलेल्या त्याच्या ग्रंथाच्या नांवांतच तेराशें मैलांचा उल्लेख आहे. बरोबर एक कोचमन, एक खानसामा, एक काकाकुवा, आणि ‘हरिकेन बॉब’ नांवाचा भला मोठा न्यूफाउंडलंड जातीचा कुत्रा! खानसामा तीनचाकी सायकलीवर बसून पुढें जाई आणि समोरून येणाऱ्या गाड्यांना सूचना देई. सुखवस्तु माणसाची फकिरी ती. तिला नोकर लागावयाचेच. पण त्या गाडीचे खरे धनी होते ती ओढणारे दोन घोडे, पी-ब्लॉसम आणि कॉर्न-फ्लॉवर. चढ लागला कीं घोड्यांच्या दमाकडे पाहावयाचें, सायंकाळ झाली कीं आधीं तबेला शोधावयाचा. घोडा थकला कीं डॉक्टरांचा दिवस संपला.

पुढें मोटार आली आणि घोडे सुटले. आतां जनावरानें घर ओढावयाचें नव्हतें. घरानेंच जनावर वाहून न्यावयाचें होतें. तेव्हां मालकाला मोकळीक मिळावयास हवी होती. ती किती मिळाली तें जॉन स्टाइनबेक या अमेरिकन कादंबरीकारानें सांगून ठेविलें आहे. १९६० सालच्या शरद्‌ऋतूंत तो मालमोटारीवर चढविलेल्या एका खोलींत बसून देश पाहावयास निघाला. बरोबर चार्ली नांवाचा मोठ्या जातीचा, वयानें दहा वर्षांचा पूडल कुत्रा. नायगाऱ्यापाशीं कॅनडांत शिरावें असा त्याचा बेत होता; पण चार्लीला लस टोचल्याचा दाखला जवळ नव्हता, आणि दाखल्यावांचून परत येतांना अमेरिका त्याला आंत घेणार नाहीं, असें कळल्यावर मोटार मागें वळली. पुढें यलोस्टोनच्या राष्ट्रीय उद्यानांत अस्वलें दिसतांच एरवीं शांत असणारा हा कुत्रा असा कांहीं पिसाळल्यासारखा भुंकूं लागला कीं, जगप्रसिद्ध उद्यान तसेंच सोडून यजमानांना बाहेर पडावें लागलें. चार्ली आजारी पडला तेव्हां तर मुक्काम वैद्यावर अवलंबून राहिला. स्टाइनबेकच्या त्या प्रवासवर्णनांत कल्पनेची भर पुष्कळ आहे आणि तो सांगतो तितक्या रात्रीं गाडींत निजला नाहीं, असें पुढें संशोधकांनीं दाखवून दिलें. तें असो. कुत्र्यानें मार्ग बदलल्याच्या गोष्टी मात्र, असें बिऱ्हाड करणाऱ्या कोणालाही चटकन् पटतील अशाच आहेत. दाखल्याचा जाच तर वाढलाच आहे. १ ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेंत येणारा प्रत्येक कुत्रा निदान सहा महिन्यांचा असावा लागतो, त्याच्या कातडीखालीं ओळखीची सूक्ष्म चकती बसविलेली असावी लागते आणि सरकारी अर्ज भरलेला असावा लागतो. कॅनडांत चार दिवस फिरून परत येणाऱ्या घरच्या कुत्र्यालाही यांतून सूट नाहीं.

हे लोक असें बिऱ्हाड करतात तरी कां? हौस हें एक कारण आहेच. पण २००८ च्या आर्थिक कोसळण्यानंतर ज्या उतारवयाच्या माणसांचीं घरें गेलीं किंवा ज्यांना घराचें भाडें झेपेना, त्यांपैकीं कित्येक मोटारींत राहूं लागलीं आणि हंगामी कामें करीत हिंडूं लागलीं. त्यांची कहाणी जेसिका ब्रूडर या लेखिकेनें २०१७ सालीं ‘नोमॅडलँड’ या पुस्तकांत सांगितली, आणि तिच्यावरील चित्रपटाला २०२१ सालीं ऑस्कर पारितोषिकही मिळालें. आणखी एक कारण आहे, तें फारसें कोणी बोलून दाखवीत नाहीं. अमेरिकेंतील पुष्कळ घरमालक विशिष्ट वजनापलीकडचे आणि विशिष्ट जातींचे कुत्रे जागेंत घेत नाहींत. तीन मोठे कुत्रे घेऊन भाड्याची जागा शोधणाऱ्यापुढें दोनच वाटा उरतात: कुत्रे सोडणें, नाहीं तर जागा सोडणें. ज्यांना पहिलें करवत नाहीं ते दुसरें करतात. त्यांचें मोटारघर ही चैन नव्हे. कुत्र्यांना नको न म्हणणारा तेवढाच एक घरमालक त्यांना भेटला, इतकेंच.

पण हा घरमालक मोठा अरुंद आहे. कायद्यानें गाडीची रुंदी साडेआठ फुटांच्या पुढें जाऊं द्यावयाची नाहीं. चाळीस फुटांची मोठी गाडी धरली तरी सगळें मिळून साडेतीनशें चौरस फुटांच्या आंतच. त्यांत सारथ्याची जागा, पलंग, चूल, मोरी, शौचकूप! मधल्या वाटेवर तीन ग्रेट डेन आडवे झाले कीं रात्रीं पाणी पिण्यास उठलेल्या माणसानें पाऊल कोठें टाकावें? म्हणून हे लोक सोफा काढून टाकतात, जेवणाचें टेबल काढतात, आणि तेथें गाद्या पसरतात. गालिचा उपटून साधी धुतां येणारी जमीन करतात. केंसांविषयीं आणि चिखलाविषयीं न बोललेलेंच बरें. कांहीं गाड्यांच्या भिंती मुक्कामाला बाहेर सरकतात आणि प्रवासाच्या वेळीं आंत येतात. सोय उत्तम, पण भिंत सरकतांना तिच्याखालीं कुत्रा निजलेला नाहीं ना, हें प्रत्येक वेळीं डोळ्यांनीं पाहावें लागतें. अशा सांध्यांत जनावरें चिरडलीं गेलीं आहेत.

वजनाचा हिशेब तर घरच्या वाण्याच्या हिशेबाहून कडक असतो. ती गाडी किती ओझें वाहूं शकते याचा आंकडा तिच्यावर चिकटविलेला असतो. पासष्ट किलोंचे तीन कुत्रे म्हणजे जवळ जवळ दोनशें किलो. एकेकाला रोज पाऊण किलो कोरडें खाणें धरलें तर महिन्याचा साठा सत्तर किलोंच्या घरांत जातो. टांकींत चारशें लिटर पाणी भरलें कीं तें चारशें किलो. माणसांचे कपडे, भांडीं, पुस्तकें यानंतर! ओझें जास्त झालें तर टायर फुटतो, गाडी वेळेवर थांबत नाहीं. आणि कुत्रा मोकळा असला तर जोरानें थांबणाऱ्या गाडींत साठ किलोंचा देह पुढच्या कांचेकडे फेंकला जातो. म्हणून प्रवासांत त्यांना पट्ट्यांनीं बांधणें किंवा पिंजऱ्यांत ठेवणें भाग असतें. ग्रेट डेनचा पिंजरा म्हणजे एक लहानशी खोलीच.

या सगळ्याहून मोठी चिंता उन्हाची. माणसाप्रमाणें कुत्र्याला अंगभर घाम येत नाहीं. जीभ काढून धापा टाकणें हाच त्याचा अंग निववण्याचा मुख्य उपाय, आणि भोंवतालची हवाच तापलेली व कोंदलेली असली तर त्या धापांचा उपयोग होत नाहीं. अंगाची उष्णता एकेचाळीस अंशांच्या वर गेली कीं उष्माघाताचें भय सुरू होतें. जाड लोकरीचे, बसक्या नाकाचे, म्हातारे आणि लठ्ठ कुत्रे आधीं बळी पडतात. बाहेर केवळ एकवीस अंश सेल्सिअस अशी सुखाची हवा असली तरी बंद मोटारींत दहा मिनिटांत बत्तीस आणि अर्ध्या तासांत चाळीस अंश होतात, असें अमेरिकेंतील पशुवैद्यांच्या संघाचें सांगणें आहे. मोटारघर आकारानें मोठें म्हणून थोडें सावकाश तापतें. पण तापतें हें निश्चित, कारण तेंही शेवटीं पातळ भिंतींचें आणि मोठाल्या कांचांचेंच.

यावर वातानुकूलनाचें यंत्र आहे. परंतु त्याला वीज लागते. तळावरच्या खांबाला तार जोडावी, तर कडक उन्हाच्या दुपारीं शेजारच्या पन्नास गाड्यांचीं यंत्रें एकदम चालतात, विजेचा दाब उतरतो आणि नेमकें नको तेव्हां यंत्र थांबतें. म्हणून वीज जातांच आपोआप सुरू होणारें जनित्र बसवितात. त्याच्यावर पहारा म्हणून दुसरें एक लहान यंत्र. आंतील उष्णता वाढली कीं तें मालकाच्या दूरध्वनीवर निरोप धाडतें. मालक बाजारांत भाजी घेत असतां खिशांत निरोप वाजला कीं भाजी तेथेंच राहते. परंतु ज्या माळावर दूरध्वनीच्या लहरीच पोंचत नाहींत तेथें हा पहारेकरी मुका. मग एकच उपाय: दोघांपैकीं एकानें नेहमीं गाडीपाशीं राहावयाचें. एकटा राहणारा माणूस तर वाणसामानाला पहांटेंच निघतो.

म्हणूनच या लोकांचें पंचांग उष्णतामापकावर चालतें. हिवाळ्यांत ते ॲरिझोनाच्या वाळवंटांत, क्वार्टझ्साइटसारख्या गांवाभोंवतालच्या सरकारी माळांवर उतरतात. उन्हाळा आला कीं उत्तरेकडे, नाहीं तर डोंगरावर. फीनिक्स शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३३० मीटर, आणि फ्लॅगस्टाफ सुमारे २,१०० मीटर. दोहोंत रस्ता फक्त अडीचशें किलोमीटरांच्या आंतला. पण जुलै महिन्यांतील दुपार पहिल्या गांवीं एकेचाळीस अंशांची असते आणि दुसऱ्या गांवीं अठ्ठावीसची. तीन तासांच्या या रस्त्यावर कुत्र्यांचें आयुष्य तोललेलें असतें. मोफत सरकारी माळावरही सामान्यतः चौदा दिवसांनीं जागा सोडावी लागते. खाजगी तळांवर कित्येकदां दोनच कुत्र्यांना परवानगी, आणि जातींची यादी दारावर! राष्ट्रीय उद्यानांत सहा फुटांहून लांब साखळी चालत नाहीं, आणि बहुतेक पायवाटा कुत्र्यांना बंदच. जगांतील उत्तमोत्तम देखावे पाहावयाला निघालेलीं नवरा-बायको त्यामुळें पाळीपाळीनें पाहतात. एक कडा पाहतें, दुसरें कुत्रे पाहतें.

रोगही प्रांताप्रांतांचे निरनिराळे. आग्नेयेकडील दमट भागांत डासांमुळें हृदयांत जंत होतात. ॲरिझोनाच्या धुळींतील बुरशीमुळें फुप्फुसाचा ज्वर येतो. ओळखीचा वैद्य शेंकडों मैल मागें राहिलेला असतो, तेव्हां प्रत्येक जनावराचीं कागदपत्रें स्वतःच्या कागदपत्रांच्या आधीं हाताशीं ठेवावीं लागतात.

गाडी बिघडली तर? सामान्य माणसाची मोटार दुरुस्तीला गेली तर तो चालत घरीं येतो. यांचें घरच दुरुस्तीला जातें. कारखान्याच्या फाटकाशीं एक माणूस, तीन अजस्र कुत्रे आणि पाण्याचें भांडें, एवढा संसार उरतो. आणि संध्याकाळपर्यंत असा एखादा उतारा शोधावयाचा असतो कीं ज्याचा व्यवस्थापक तिघांना पाहून दार लावून घेणार नाहीं. या एका दिवसासाठीं अनुभवी माणसें वर्षभर पैसे बाजूला टाकतात.

आणि म्हातारपण फार लवकर येतें. ग्रेट डेनचें आयुष्य सामान्यतः सात ते दहा वर्षांचें. त्यांतलीं शेवटचीं कंबरेचीं. गाडीच्या तीन-चार उंच पायऱ्या त्याला चढवत नाहींत, आणि साठ-सत्तर किलोंचा कुत्रा साठीच्या बाईनें उचलावयाचा कसा? म्हणून दाराशीं लांब उताराची फळी लावतात. ती फळी आंत ठेवावयास जागा नसते, तेव्हां पुन्हां कांहीं तरी बाहेर जातें, बहुधा मालकाचेंच.

मालकाला कांहीं झालें तर काय, याचाही विचार करून ठेवलेला असतो. बाजारांत, रस्त्यावर, कोठेंही तो कोसळला तर बंद गाडींत उन्हाचे अडकलेले जीव कोणाला कळणार? म्हणून अशा गाड्यांच्या दारावर कागद लाविलेला असतो: आंत कुत्रे आहेत, इतके आहेत, यंत्र चालू आहे, बंद दिसलें तर या क्रमांकावर कळवावें. आणि तशीच एक चिठ्ठी, गाडी कोठें उभी आहे तें लिहून, मालकाच्या पाकिटांत, त्याच्या स्वतःच्या नांवाच्या कागदावर ठेवलेली असते. मुक्काम बदलला कीं तेवढी एक ओळ खोडून नवी लिहावयाची.