रानातील पिल्लांचे छायाचित्रण : परिसर-अभ्यासाचे एक साधन



परिसर-अभ्यास हा विषय पाठ्यपुस्तकापेक्षा शाळेच्या कुंपणाबाहेर अधिक चांगला शिकविता येतो, हे प्रत्येक शिक्षकास अनुभवाने ठाऊक आहे. त्यासाठी पूर्वीच्या पिढीजवळ नसलेले एक साधन आज बहुतेक शिक्षकांच्या खिशात असते, ते म्हणजे मोबाइलमधील कॅमेरा. गावच्या तळ्यावरील पिल्लाचे छायाचित्र हा वर्गातील उत्तम पाठ होऊ शकतो. तथापि हे काम जितके आनंदाचे तितकेच जोखमीचे आहे. आणि ती जोखीम बहुधा छायाचित्र घेणाऱ्याची नसून पिल्लाची असते.

टिटवीचेच उदाहरण घ्यावे. ती झाडावर घरटे बांधीत नाही. माळावर किंवा शेताच्या कडेला उघड्या जमिनीतील खळग्यात ती बहुधा चार अंडी घालते. त्यांचा रंग मातीशी इतका मिळताजुळता असतो की, पाय पडण्याची वेळ येईपर्यंत ती दिसत नाहीत. पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर थोड्याच वेळात चालू लागतात. पण आईबापांनी इशारा देताच जमिनीस चिकटून निश्चल बसतात. असे पिल्लू पाहून एखादा विद्यार्थी म्हणतो, "गुरुजी, हे आजारी आहे. शाळेत नेऊ या." वस्तुतः ते पिल्लू आपल्या आईबापांची आज्ञा तंतोतंत पाळीत असते. माणूस तेथून हलेपर्यंत ती जोडी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत राहते. कडक उन्हाळ्यात टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते व त्या ओलाव्याने अंडी थंड राखते. भर दुपारी तिला दूर ठेवणे म्हणजे अंडी उन्हाच्या स्वाधीन करणे होय.

पावसाळ्यात गावतळ्यावर टिबुकलीचे कुटुंब दिसते. पाणवनस्पतींच्या तरंगत्या घरट्यातून उठताना ही पाणडुबी अंड्यांवर पाला ओढून ती झाकते. एकाएकी कोणी जवळ आले तर झाकण्यास सवड मिळत नाही, आणि उघडी अंडी कावळ्याच्या दृष्टीस पडतात. तिची पट्टेदार डोक्याची पिल्ले आईबापांच्या पाठीवर बसून तळ्यात फिरतात. लांब शेपटीच्या कमळपक्ष्यात तर अंडी उबविणे व पिल्ले सांभाळणे हे काम नर करतो. ही दोन्ही दृश्ये काठावर शांत बसणाऱ्यास मिळतात. पाण्यात उतरणाऱ्यास मिळत नाहीत.

म्हणून पहिला नियम अंतराचा. हे अंतर हातात किंवा पावलांत सांगता येत नाही. ते पक्षीच सांगतो. तो ओरडू लागला, मान ताठ करून पाहू लागला, किंवा चोचीत भक्ष्य घेऊन घरट्याकडे न जाता घुटमळू लागला, की माणूस फार जवळ आला असे समजून मागे सरावे. मोबाइलने दुरून घेतलेल्या छायाचित्रात पिल्लू लहान दिसते, ही तक्रार असते. परंतु त्याच चित्रात लव्हाळा, पाणी व आई हीदेखील दिसतात, आणि वर्गात शिकवावयाचे असते ते हेच. तळहातावर धरलेल्या पिल्लाच्या चित्रात पिल्लू मोठे दिसते, त्याचे घर मात्र नाहीसे होते.

दुसरा नियम आडोशाचा. इंग्लंडमधील रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनी १८९५ मध्ये पक्ष्यांच्या घरट्यांवरील पुस्तक छायाचित्रांनी सजवून प्रसिद्ध केले. पुढे १९०० मध्ये त्यांनी बैलाचे कातडे सांगाड्यावर चढवून आत लपून बसण्याची सोय केली. कारण पक्षी बैलास भीत नाहीत. आपल्या गावी असा पोकळ बैल करण्याचे कारण नाही. शेताचा बांध, विहिरीचा कठडा, शाळेची खिडकी एवढे पुरेसे आहे. सकाळी सूर्य पाठीशी ठेवून खाली बसावे. कॅमेऱ्याचा आवाज व झोत बंद ठेवावा. तीन-चार छायाचित्रे घेऊन निघावे. घरटे नीट दिसावे म्हणून त्यावरील फांदी किंवा पाला तोडू नये. तोच त्याचा आडोसा असतो. घरट्याचे ठिकाण व्हॉट्सॲपवर कळवू नये.

तिसरा नियम असा की, एकटे दिसणारे पिल्लू पोरके असतेच असे नाही. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर भागात ऊसतोडीच्या वेळी फडात बिबट्याचे बछडे सापडतात. तेथे वनखात्याचे कर्मचारी बछडे त्याच जागी ठेवून माणसांना दूर करतात, आणि रात्री मादी येऊन त्यांना उचलून नेते. छायाचित्रासाठी गर्दी जमली तर ही भेट लांबते. शिवाय चवताळलेली मादी जवळच असू शकते. अशा वेळी १९२६ या क्रमांकावर वनविभागास कळवावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित वन्यप्राणी पकडणे किंवा बाळगणे हा गुन्हा आहे, हेही विद्यार्थ्यांस सांगावे. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी मगरींचा वावर आहे. मगरीची मादी पिल्लांजवळ राखण करीत असते. तेथे मुलांस पाण्याजवळ कदापि नेऊ नये. इतर पाणवठ्यांवरही शिक्षकाने मुले काठापासून दूर बसवावी.

छायाचित्र घेतल्यावर काम संपत नाही. प्रत्येक चित्राखाली दिनांक, जागा, पिल्लांची संख्या व त्यांची हालचाल विद्यार्थ्यांकडून वहीत लिहून घ्यावी. दर आठवड्याला त्याच जागेवरून एक चित्र घेतल्यास पिसे कशी फुटली, पाठीवरचे पिल्लू स्वतः कधी पोहू लागले, हे मुलांस आपोआप कळते. अशा वह्या वर्षानुवर्षे जपल्या तर गावच्या तळ्याचा इतिहास शाळेतच तयार होईल.

पिल्लास हात लावण्याची इच्छा बालकास स्वाभाविक असते. तो हात मागे घेऊन डोळे उघडे ठेवावयास शिकविणे, हे प्राथमिक शिक्षकाचे काम आहे. छायाचित्र चांगले आले नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा घेता येते; पण त्यासाठी दुसऱ्या दिवशी ते पिल्लू तेथे असले पाहिजे.