‘युद्ध आणि शांती’चे नित्यवाचन



वर्षारंभी एखादी बृहत्कादंबरी हाती घ्यावयाची आणि रोज एक प्रकरण या नेमाने ती वर्षअखेरीस तडीस न्यावयाची, असा संकल्प आज देशोदेशींचे वाचक करीत असतात. आणि त्यासाठी वारंवार निवडला जाणारा ग्रंथ म्हणजे लिओ टॉलस्टॉय यांचा ‘युद्ध आणि शांती’. उपसंहारासह त्याची प्रकरणे ३६१ भरत असल्यामुळे वर्षाच्या दिवसांशी त्यांचा मेळ सहज बसतो. हा मेळ योगायोगाने बसला असेल. परंतु सावकाश वाचनाचे या ग्रंथाच्या अंतरंगाशी जे नाते आहे ते फार खोल आहे, आणि तेच मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

या ग्रंथाचा आरंभीचा मजकूर १८६५ साली ‘रूस्की वेस्तनिक’ या नियतकालिकातून ‘१८०५’ या मथळ्याखाली क्रमशः प्रसिद्ध होऊ लागला आणि संपूर्ण ग्रंथ वाचकांच्या हाती पडण्यास १८६९ साल उजाडले. म्हणजे त्याच्या पहिल्या वाचकांना पात्रांच्या सहवासात वर्षे काढावी लागली. प्रारंभी दिवाणखान्यात धावत शिरणारी तेरा वर्षांची नायिका नताशा उपसंहारात, १८२० साली, चार मुलांची माता झालेली दिसते. हे स्थित्यंतर चार रात्रींत पाने उलटून ज्याने पाहिले त्याला केवळ एक माहिती मिळते, परंतु ज्याच्या स्वतःच्या घरातही दरम्यान ऋतू पालटले, कोणी आजारातून उठले, कोणी दूरदेशी निघून गेले, त्याला नताशाचे वय वाढल्याचे आपल्या अंगावर जाणवते.

याहून महत्त्वाची गोष्ट टॉलस्टॉय यांच्या इतिहासविचारात आहे. सम्राटांची फर्माने आणि सेनापतींच्या मसलती इतिहास घडवितात, हे त्यांना मान्य नाही. तिसऱ्या खंडात ते गणितातील सूक्ष्मांशांचा आधार घेऊन असे प्रतिपादन करतात की, असंख्य सामान्य माणसांच्या अतिसूक्ष्म प्रवृत्तींची बेरीज साधल्याशिवाय इतिहासाची गती कळावयाची नाही. म्हणूनच फ्रेंचांविरुद्धच्या आउस्टरलिट्झच्या लढाईच्या पूर्वरात्री तिचा तपशीलवार आराखडा वाचला जात असता वृद्ध रशियन सेनापती कुतुझोव्ह झोपी जातो. आणि बोरोदिनोच्या लढाईनंतर मॉस्को शत्रूच्या हवाली करण्याचा निर्णय फिली गावातील ज्या बैठकीत झाला, ती बैठक आपण शेकोटीच्या ओट्यावर बसलेल्या मालाशा नावाच्या सहा वर्षांच्या शेतकरी मुलीच्या दृष्टीने पाहतो. कुतुझोव्ह तिच्या लेखी आजोबा आहे, आणि आजोबांचा पक्ष हाच तिचा पक्ष. घाईचा वाचक या मुलीला ओलांडून ‘पुढे काय झाले’ याच्या शोधात निघून जाईल. ज्याच्या वाट्याला त्या दिवशी तेवढे एकच प्रकरण आहे, तो मात्र दिवसभर तिच्याच नजरेने त्या सरदारांकडे पाहत राहील. अल्पाल्प अंशांतून समग्राचे आकलन करण्याची जी रीत लेखक इतिहासकाराला सांगतो, तीच नित्यवाचनात वाचकाच्या अंगवळणी पडते.

आपल्याकडे ग्रंथांचे पारायण करण्याची परंपरा जुनी आहे, आणि तिच्यातील धोकाही आपल्या परिचयाचा आहे. मुदत पाळली, पृष्ठसंख्या पुरी झाली, ताळेबंद जुळला, म्हणजे वाचन घडले असे समजणारा मनुष्य ग्रंथाचा कारकून होतो, वाचक होत नाही. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट मजल मारून थकबाकी फेडण्यापेक्षा जेथे थांबलो तेथूनच शांतपणे पुढे जावे, आणि वर्षाच्या मुदतीला आणखी एक महिना जोडावा लागला तर तो आनंदाने जोडावा.

अखेरीस एक विनंती करतो. उपसंहाराच्या दुसऱ्या भागातील बारा प्रकरणांत कथा उरलेली नाही. तेथे इच्छास्वातंत्र्य आणि अपरिहार्यता यांवरील विवेचन आहे, आणि पुष्कळ वाचक तेथे पुस्तक मिटतात. आपण मिटू नये. वर्षभर या माणसांबरोबर वावरलेल्या वाचकाजवळ तोपर्यंत प्रतिवादाची सामग्री जमलेली असते: फ्रेंचांच्या कैदेत कथानायक पिएरला जे गवसले ते केवळ अपरिहार्य होते काय, असा प्रश्न तो खुद्द ग्रंथकाराला विचारू शकतो. एवढ्या मोठ्या लेखकाशी बरोबरीच्या नात्याने वाद घालण्याचा हा अधिकार शांत, रोजच्या वाचनाने मिळतो, आणि माझ्या मते या संकल्पाचे खरे फळ तेच आहे.