ग्राफीन मोडत का नाही?

इअरफोन नीट लावलेत ना? आज बोलू या थरथरीबद्दल. म्हणजे अणूंच्या थरथरीबद्दल.

पेन्सिलीतलं ग्राफाइट तुम्हाला माहीत आहे. 2004 मध्ये मँचेस्टरच्या गाइम आणि नोव्होसेलॉव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने त्याचे पदर सोलत सोलत एकाच अणूच्या जाडीचा पापुद्रा वेगळा केला. तेच ग्राफीन. 2010 चं नोबेल त्यालाच मिळालं. कार्बनचे अणू षटकोनांत बसलेले, शेजारी-शेजारी अंतर 0.142 नॅनोमीटर.

पण खरं तर हे टिकायलाच नको होतं! 1930 च्या दशकात पायर्ल्स आणि लांडाऊ यांनी गणित मांडलं होतं की असा दोन मितींचा स्फटिक उष्णतेच्या थरथरीपुढे टिकणार नाही. त्यात वर-खाली हलायची मोकळीक दिली की हिशेब आणखीच बिघडतो. पापुद्रा जितका मोठा, तितक्या त्याच्या लाटा उंच. शेवटी चुरगळून गोळा व्हायला हवा.

मग वाचवतं कोण? शाळेत आपण शिकलो की स्प्रिंग दुप्पट ताणली की जोर दुप्पट लागतो. हे झालं सरळ रेषेतलं गणित. आता कपडे वाळत घालायची दोरी घ्या. दोन खिळ्यांना बांधलेली, सरळ, पण ताण नसलेली. मधोमध बोटाने बाजूला ढकला. सुरुवातीला सहज जाते. पुढे मात्र दोरीलाच लांब व्हावं लागतं. दुप्पट ढकलायचं तर जोर दुप्पट नाही, जवळपास आठपट! यालाच नॉनलिनियर म्हणतात. (शब्द घाबरवतो, दोरी नाही घाबरवत.)

ग्राफीनचंही तसंच. पापुद्रा वाकला की त्यातले बंध ताणले जातात, आणि ते ताणणंच पुढच्या वाकण्याला अडवतं. त्यामुळे लाटा येतात, पण हाताबाहेर जात नाहीत. 2007 मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली अधांतरी ग्राफीनवर साधारण 1 नॅनोमीटर उंचीच्या लाटा दिसल्या. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये फासोलिनो, लोस आणि कात्स्नेल्सन यांच्या कॉम्प्युटर सिम्युलेशनमध्येही, बाहेरून काही न करता, साधारण 8 नॅनोमीटर लांबीच्या लाटा आपोआप उमटल्या. मला हे फार आवडतं: ग्राफीन सपाट नाही, म्हणून शाबूत आहे.

आणि आणखी एक गंमत. दोरीउड्यांची दोरी दोघी जोरात फिरवतात तेव्हा हात आत ओढले जातात, आठवतंय? ग्राफीनही तापलं की जास्त थरथरतं आणि आडवं आकसतं. लोखंड पसरतं, हे आकसतं! त्यामुळे चिप बनवणाऱ्यांच्या डोक्याला ताप. खालचा थर तापून पसरतो, वरचं ग्राफीन आकसतं, आणि थंड होताना नेमकं उलटं. मग पापुद्र्यावर सुरकुत्या पडतात, आणि त्या कुठे पडतील हे आधीच ठरवणं सोपं नसतं.